फाटकापलीकडचा फोन

ही गोष्ट ऐकीव नाही, रचलेलीही नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलेली आहे.

हेझल तिचं नाव. तिनं ती मला एकदाच सांगितली, माझ्या स्वयंपाकघरात बसून. सांगता सांगता समोरचा चहा पार गार झाला. चहा गार होऊ देणाऱ्यांतली ती नाही. म्हणूनच मी ऐकत राहिलो, मध्ये बोललो नाही.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. रात्र नव्हती, हे आधीच सांगतो. दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं कमी होती.

अंधार नव्हता.

धुकं होतं...

आमचं वेल्थबी गाव नकाशावर पाहिलंत तर फितीसारखं दिसेल. लांबच लांब आणि अरुंद. वरच्या टोकाला चर्च, शाळा आणि थोडी उंच जमीन. तिथून रस्ता काठीसारखा सरळ खाली जातो. दोन्हीकडे बीटाची शेतं आणि पाण्याचे खोल चर. मध्यावर रेल्वे आडवी येते. रुळांपलीकडे लो एंड नावाची वस्ती. घरं सात. त्यांच्या मागं नदीचा उंच बांध. नदीवर पूल नाही.

म्हणजे लो एंडला जायचं तर रस्ता एकच. आणि त्या रस्त्यावर फाटक एकच.

त्या फाटकावर माणूस नसतो. आपणच गाडीतून उतरायचं. खांबावर एक पेटी आहे, पेटीत फोन आहे. तो उचलला की चाळीस मैलांवर बसलेल्या सिग्नलवाल्याला लागतो. त्या सिग्नलवाल्याला फाटक दिसत नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्याला फक्त आपला आवाज ऐकू येतो. आपण कोण, काय घेऊन चाललोय, ते सांगायचं. तो "जा" म्हणाला की जायचं. "थांबा" म्हणाला की थांबायचं. फाटकं आपणच उघडायची, आपणच लावायची.

जनावरं असतील तर आणखी एक काम. शेवटचं जनावर पार झालं की पलीकडच्या फोनवरून कळवायचं, "रूळ मोकळा." तोवर तो दोन्हीकडच्या गाड्या रोखून धरतो.

नियम असा आहे. पण लो एंडच्या माणसांची एक जुनी खोड आहे. फोनजवळ जो असेल तो सगळ्यांच्या वतीनं बोलून टाकतो. "माझ्यामागं ट्रॅक्टर येतोय, त्याचंही धर." "पुढच्याचंही झालं, मोकळा." पुन्हा चिखलात कोण उतरणार? शेजाऱ्याची एक खेप वाचते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शाळेतल्या पोरांना मी हे करू नका म्हणून सांगायचो, आणि त्यांचे बाप फाटकावर तेच करायचे.

सरकारी बस बंद पडल्यापासून गावचीच एक छोटी बस आहे. बारा जणांची. हेझल ती चौदा वर्षं चालवते आहे. दर गुरुवारी म्हाताऱ्या माणसांना केल्स्टनच्या बाजाराला न्यायचं आणि ज्याला त्याला दारात आणून सोडायचं. या चौदा वर्षांत एकही माणूस घरी पोचवायचा राहिला नाही. बर्फात नाही, पुरात नाही. हेझलला एका गोष्टीचा अभिमान असेल तर तो याचाच.

त्या दिवशी बसमध्ये शेवटच्या एकट्या विनीआंटी उरल्या होत्या. विनिफ्रेड स्कॅमल. वय एक्याऐंशी. गावात सगळेच त्यांना आंटी म्हणतात. मांडीवर पिशवी, पिशवीत मनुके घातलेला प्लम ब्रेड, हातात काठी. आणि तोंड अखंड चालू.

"अगं हेझल, बस चालवतेस की तिला चालायला शिकवतेस?"

"पुढचं दिसत नाहीये, आंटी."

"मला तर चाळीस वर्षांत पुढचं धड दिसलेलं नाही. मी थांबले का कुठं?"

"तुम्ही चालवता का मग?"

"आण इकडं चाक. चर्चपासून चरापर्यंत एकदम थेट नेते."

हेझल हसली. पण आंटींचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांचा नवरा सिरिल अंथरुणाला खिळलेला. अर्धं अंग गेलेलं. ठसका लागला की त्याला स्वतःहून कुशीवर वळता यायचं नाही, म्हणून एकटं सोडायची सोय नव्हती. मागच्याच महिन्यात निळा पडला होता. गुरुवारी त्याच्याजवळ एक पोरगी बसायची, पण सव्वाचारला तिची दुसऱ्या घरची वेळ असायची.

"सव्वाचार म्हणजे सव्वाचार," आंटी म्हणाल्या. "घड्याळ गिळून जन्मलीय ती. एक मिनिट जास्त थांबायची नाही."

"पोचवते ना. कधी चुकले का?"

"चुकली नाहीस म्हणूनच तर तुझा हा खटारा सहन करते."

समोर फाटकाच्या पांढऱ्या फळ्या दिसल्या. हेझलनं बस थांबवली आणि उतरली.

बाहेर... काहीच नव्हतं.

तिनं मला हे असंच सांगितलं. "क्लेम, बाहेर काहीच नव्हतं." एरवी तिथं कावळे असतात. चरातलं पाणी वाजतं. लांबून बीट काढणाऱ्या यंत्राची घरघर येते. त्या दिवशी तिला स्वतःच्या बुटांचा आवाजसुद्धा नीट ऐकू येत नव्हता.

तिनं पेटी उघडून फोन उचलला.

"कोण? बसवाली का?" सिग्नलवाला रसेल. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. आवाजाची ओळख, ती मात्र नऊ वर्षांची.

"मीच. लो एंडचं फाटक. छोटी बस, माणसं दोन."

रसेल लगेच "जा" म्हणाला नाही.

"हेझल... तुझ्यापुढं कोणी आहे का गं तिथं?"

"कोणी नाही."

"नीट बघ."

"बघतेय. का?"

"चार वाजायला वीस कमी असताना तुझ्याच बाजूच्या फोनवरून एका बाईनं फोन केला. अकरा गाई घेऊन पलीकडे जाते म्हणाली. मी 'जा' म्हटलं. अजून पलीकडून फोन नाही."

हेझलला हसूच आलं. "गाई? रसेल, लो एंडला वीस वर्षांत कुणी गाय पाळलेली नाही. सगळा बीट आणि गहू."

"तुमच्याकडे काय पिकतं ते मला काय ठाऊक, बाई? मी आवाज ऐकला. मागं हंबरणं ऐकलं." तो वैतागला होता. "फाटकाच्या एका बाजूला एक गाडी उभी आहे, दुसऱ्या बाजूला एक. दोनशे माणसं खोळंबलीत. एकाचं झाल्याशिवाय मी दुसऱ्याला सोडू शकत नाही. तू तिथंच आहेस ना? बघून सांग. मोकळा म्हण, मी दोन्ही गाड्या काढतो आणि पाच मिनिटांत तुला सोडतो."

इतकं सोपं होतं. एक शब्द. लो एंडचा कुणीही डोळे मिटून बोलला असता.

हेझलनं फाटकावरून वाकून पाहिलं. रुळांच्या मधल्या लाकडी फळ्या दोन पावलांपर्यंत दिसत होत्या. त्यापुढं पांढरं.

"मोक..."

शब्द अर्धाच राहिला.

टक...

टक... टक...

लाकडी फळीवर खूर पडल्याचा आवाज.

मग एक लांब, जड श्वास. जनावराचा. आणि ऊन दुधाचा, शेणाचा वास... इतका जवळ, की तिनं नकळत एक पाऊल मागं घेतलं.

आणि मग बाईचा आवाज. शांत. थोडा दमलेला.

"चला गं... चला... अजून दोघी राहिल्यात. थांबा हं."

"कोण आहे?" हेझल ओरडली. "अहो! कोण आहे तिकडे?"

उत्तर आलं नाही. खूर वाजायचे थांबले. जणू तिकडेही कुणीतरी थांबून ऐकत होतं.

"रसेल, गाड्या सोडू नकोस. आहे कोणीतरी."

"दिसतंय?"

"दिसत नाही. पण आहे."

बोलताना तिची नजर खाली गेली. फाटकाच्या पायथ्याशी मऊ चिखल होता. आदल्या दिवशीच्या पावसाचा. अकरा गाई तिथून गेल्या असत्या तर चिखलाचा लगदा झाला असता.

चिखल सपाट होता.

त्यावर फक्त तिच्या बुटांचे ठसे होते.

बसची काच खाली झाली. "काय झालं गं? राणीसाहेबांची परवानगी हवीय का?"

"थांबायला सांगतात, आंटी. कुणी बाई गाई घेऊन पुढं गेलीय म्हणे. तिचा पलीकडून फोन नाही."

"गाई? कुणी ढोसून बसलाय का तिकडे?"

"अकरा गाई, म्हणतोय."

काचेवरचा आंटींचा हात थांबला.

"किती म्हणालीस?"

"अकरा."

"नाव सांगितलं तिनं?"

हेझलनं फोनमध्ये विचारलं. कागदाचा आवाज आला. "लिहून ठेवलंय," रसेल म्हणाला. "आयव्ही. आयव्ही ड्रेवरी."

हेझलनं ते नाव मोठ्यानं म्हटलं. आणि बसमधलं बोलणं बंद पडलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

आयव्ही ड्रेवरीचं नाव गावात आम्हा सगळ्यांना माहीत आहे. साठ वर्षांपूर्वी ती याच फाटकावर गाडीखाली सापडून गेली. गाई पार नेल्या, फोन केला, आणि मग मागं राहिलेल्या जनावरांसाठी वेड्यासारखी रुळावर परतली. आम्हाला लहानपणी असंच सांगितलं जायचं. आयव्हीसारखं करू नका.

आंटी बसच्या दारात उभ्या होत्या.

"मोकळा म्हणून सांगू नकोस, हेझल."

"नाही सांगितलं."

"मी सांगितलं होतं."

हेझलला कळेना. आंटी पायऱ्या उतरल्या, एकेक. काठी टेकत तिच्याजवळ आल्या. चेहरा धुक्यासारखाच पांढरा.

"त्या दिवशी फोन आयव्हीनं केलाच नव्हता. मी केला. पलीकडच्या फाटकाशी सायकल घेऊन उभी होते. वीस वर्षांची. केल्स्टनला नाच होता आणि मला उशीर होत होता. पाय गारठलेले. गाई समोरून गेल्या, एकामागून एक. फोन हाताशी होता. मी उचलला आणि म्हणाले, 'आयव्हीचं झालं, रूळ मोकळा.'" त्यांनी ओठ आवळले. "मी मोजल्या नव्हत्या गं. दोन मागं राहिल्या होत्या. ती त्यांनाच आणायला गेली होती."

"पण सगळे म्हणतात की..."

"सगळ्यांनी ठरवलं. मी ठरवू दिलं. तिच्या आईनं मरेपर्यंत आपल्या पोरीलाच मूर्ख म्हटलं. आणि मी दर नाताळला त्या घरी केक घेऊन जायची."

रुळांवर पुन्हा वाजलं.

टक... टक...

आंटींनी फाटकाशेजारचं पायी जायचं छोटं दार उघडलं.

"आंटी! कुठं निघालात? सिरिल एकटा पडेल!"

"म्हणूनच जाते. ही पार झाल्याशिवाय आपल्याला कोण सोडणार आहे?"

"मी जाते. तुम्ही फोन धरा."

"मोजायचं माझं राहिलंय. तुझं नाही." मग नेहमीसारखं खेकसून म्हणाल्या, "आणि तो फोन सोडलास तर बघ. तोंडातून एक शब्द काढू नकोस, मी सांगेपर्यंत."

छोटं दार लागलं. तीन पावलांत आंटी दिसेनाशा झाल्या.

हेझल त्यांच्यामागं निघालीच होती. पण फोनची तार हातभर. कानात रसेल म्हणत होता, "फोन ठेवू नकोस. तू ठेवलास तर तिथं काय चाललंय मला कसं कळणार? हेझल? आहेस ना?"

ती तिथंच उभी राहिली. एका हातात फोन, दुसरा फाटकावर.

धुक्यातून काठीचा आवाज येत होता. टुक. टुक. मग तोही थांबला.

मग आंटींचा आवाज...

"एक."

खूर वाजले.

"दोन... तीन."

कुणाशी बोलत नव्हत्या. फक्त मोजत होत्या. शाळेतल्या मुलीसारख्या, स्पष्ट, न घाबरता.

"चार... पाच... अगं, ढकलू नकोस... सहा."

हेझलनं वळून बसमधल्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून एक मिनिट.

"सात. आठ. नऊ."

आणि मग काहीच नाही.

हेझल सांगते, ती शांतता सगळ्यात वाईट होती. खूर नाही. श्वास नाही. काठी नाही. फोनमध्ये रसेलसुद्धा गप्प. तिला वाटलं, आता दोन्ही बाजूंच्या गाड्या आपोआपच सुटतील. आता रूळ थरथरतील. तिनं फाटकाच्या लोखंडावर हात दाबून ठेवला, थरथर कळावी म्हणून.

"...दहा."

खूप लांबून आलं.

त्यामागोमाग हलकं हसणं. दोन बायकांचं. खूप वर्षांनी भेटल्यावर हसतात तसं.

"अकरा."

हा आवाज आंटींचा होता की दुसऱ्या बाईचा, हे हेझलला आजही सांगता येत नाही.

फोनमध्ये खट्ट झालं. "थांब," रसेल म्हणाला. "पलीकडचा फोन वाजतोय."

हेझल थांबली. दहा श्वास. वीस श्वास.

"झालं गं बाई, झालं!" रसेलचा जीव भांड्यात पडला होता. "तिनं कळवलं. अकरा गाई, दोन बाया. रूळ मोकळा."

"दोन?"

"दोन म्हणाली. का? बरोबर ना?"

"रसेल, त्यातली एक माझी प्रवासी आहे. ती अजून परत आलेली नाही. गाड्या सोडू नकोस. आंटी! विनीआंटी!"

टक टक टक.

या वेळी आवाज मागून आला. काचेवर बोटं वाजवल्याचा.

हेझल वळली.

विनीआंटी बसमध्ये बसल्या होत्या. नेहमीच्याच जागेवर. पिशवी मांडीवर. एक हात काचेवर सपाट टेकलेला.

छोटं दार हेझलच्या कोपरापाशी होतं. ते उघडलं असतं तर तिच्या अंगाला लागलं असतं.

ते उघडलं नव्हतं.

"हेझल?" रसेल विचारत होता. "आली का तुझी म्हातारी? तुझ्या बाजूनंही सांग. दोनशे माणसं आहेत. मोकळा?"

हेझलनं बसकडे पाहिलं. मग धुक्याकडे. एकदा त्या दारातून आत जाऊन फळ्यांवर नजर टाकायला पाव मिनिट लागलं असतं. पण बसमधलं घड्याळ चार वाजून पाच मिनिटं दाखवत होतं आणि पलीकडे सिरिल होता. आणि आंटी तर समोर दिसत होत्या. डोळ्यांसमोर. काचेत.

"मोकळा," हेझल म्हणाली.

एका बाजूनं एक गाडी आली. दिवे, वारा, गडगडाट. तिच्यामागोमाग दुसरी, उलट बाजूनं. धुकं फाटलं आणि पुन्हा मिटलं.

मग रसेल म्हणाला, "जा."

फाटक उघडून तिनं बस रुळांवरून नेली. फळ्या ओल्या आणि स्वच्छ होत्या. शेण नाही, माती नाही. पलीकडचं फाटक लावून ती पुन्हा चाकाशी येऊन बसली.

"आंटी, तुम्ही परत कुठून आलात?"

"कुठून म्हणजे?"

"काठी कुठंय तुमची?"

"काठी नको आता."

पुढं सगळा रस्ता मागून एक शब्द नाही. बस हळू चालली तरी टोमणा नाही. घर आलं तशा आंटी उतरल्या. आधार न घेता, ताठ, दोन पायऱ्या एका दमात. दारात ती सांभाळणारी पोरगी कोट घालून उभी होती. "वेळेवर आलात," ती म्हणाली. "दोन मिनिटं राहिली होती."

सिरिल सुखरूप होता. हेझलनं खिडकीतून स्वतः पाहिलं. तिचं काम झालं होतं. घरी येऊन ती जेवली, झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालत फाटकावर गेली. धुकं नव्हतं. तिनं रूळ पाहिले, दोन्हीकडचे चर पाहिले. मिळू नये असं काही मिळालं नाही.

काठी मात्र मिळाली.

पलीकडच्या बाजूला, फोनच्या खांबाला मुठीनं अडकवून ठेवलेली. फोन करताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून माणूस ठेवतो तशी.

आठवड्यानं रेल्वेचा तपासनीस आला. दोन गाड्या पंचवीस मिनिटं का थांबल्या, हे त्याला शोधायचं होतं. तिथले सगळे फोन रेकॉर्ड होतात. चार वाजायला वीस कमी असतानाच्या फोनमध्ये नुसतीच खरखर होती. माणसाचा आवाज नव्हता. रसेल शपथेवर सांगत होता की त्यानं नाव ऐकून लिहिलं. कागदावर त्याचंच अक्षर होतं.

"पण दुसरा फोन स्पष्ट आहे," तपासनीस म्हणाला. "चार वाजून चार मिनिटं. पलीकडून. ही बाई कोण, ओळखता का?"

त्यानं आवाज लावला.

"अकरा गाई, दोन बाया. रूळ मोकळा. मी मोजल्यात." मग जरा थांबून, नेहमीसारखं खेकसून, "आणि त्या बसवाल्या पोरीला म्हणावं, सिरिलकडे बघ."

विनीआंटींचा आवाज.

त्यानंतरच्या मिनिटाला हेझलनं त्यांना बसमध्ये पाहिलं होतं.

"ओळखत नाही," हेझल म्हणाली. कुठल्या तोंडानं काय सांगणार?

त्या संध्याकाळी ती लो एंडला गेली. दार आंटींनी उघडलं. हसतमुख. सगळा गाव म्हणतो, आंटींची तब्येत किती सुधारली. काठी सुटली, कुरकुर सुटली. घरभर ऊन दुधाचा वास होता. "आत ये ना," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सिरिल बाजूच्या खोलीत उशीला टेकून होता. शेजारी सूपचा वाडगा, भरलेला. चमचा कोरडा.

"जेवला नाहीस?" हेझलनं विचारलं.

त्यानं ओठ घट्ट मिटले आणि डोळे दाराकडे वळवले. हेझलनं दार लोटलं. मग स्वतः चमचा भरून पुढं केला. त्यानं अधाशासारखा घेतला. दुसरा. तिसरा. चार दिवसांचा उपाशी असल्यासारखा.

अर्धा वाडगा संपल्यावर त्यानं तिचं मनगट धरलं. त्याला शब्द जड जातात. एकेक ओढून काढावा लागतो.

"हेझल... माझी... विनी... कुठंय?"

"स्वयंपाकघरात आहेत, सिरिल. आत्ताच गेल्या."

त्यानं मान हलवली. नाही.

भिंतीपलीकडे कुणीतरी गुणगुणत होतं.

आता हेझल रोज दोनदा तिकडे जाते. सिरिलला भरवते, कूस बदलून देते, येते. आंटी दारात हसून उभ्या असतात. हेझल नजर खाली ठेवून निघते. गुरुवारची बस तिनं सोडलेली नाही, पण लो एंडहून निघताना मागच्या आरशात बघत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं गार चहाचा कप बाजूला सारला.

"क्लेम," ती म्हणाली, "चौदा वर्षं झाली. मी सगळ्यांना घरी पोचवलंय ना रे?"

छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. पोरांना कायम सांगत आलो, जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणावं.

मी "हो" म्हणालो.

तिनं मान हलवली आणि कोट चढवला. सिरिलच्या जेवणाची वेळ झाली होती.